ताप-अंगदुखीची गोळी निवडताना

औषधाच्या पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे नाव छापलेले असते ते उत्पादकाने ठेवलेले असते, आणि गोळीत प्रत्यक्ष काय आहे हे मागच्या बाजूला, बहुधा डोळ्यांजवळ धरून वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ताप आणि दुखण्यावरच्या औषधांची नावे शेकड्यांनी असली, तरी त्यांतील मुख्य घटक पाहिले तर बहुतेक वेळा पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन या चौघांपैकीच एखादा निघतो. यांपैकी पॅरासिटामॉलला अमेरिकेत आणि जपानमध्ये ॲसिटॅमिनोफेन म्हणतात, त्यामुळे परदेशी गेलेला माणूस दोन वेगळी औषधे समजून एकच औषध दोनदा घेण्याची शक्यता असते. दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘यातली जास्त स्ट्राँग कोणती?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. किरकोळ ताप-दुखण्यावर ही चारही औषधे आपापल्या जागी पुरेशी आहेत. विचारायचे ते हे, की गोळी घेणाऱ्याचे वय किती, त्याला आधीपासून कोणते आजार आहेत आणि तो आणखी कोणती औषधे घेत आहे.

या चार औषधांचे दोन गट पडतात. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन ही सूज कमी करणारी औषधे आहेत, तर पॅरासिटामॉल ताप उतरवते आणि दुखणे कमी करते, पण सुजेवर त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवले आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. हीच द्रव्ये सूज, ठणका आणि ताप निर्माण करतात. पण जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा नीट ठेवणारीही तीच असतात. त्यामुळे या गटातील गोळीचा गुण आणि तिचा त्रास ही एकाच कामाची दोन फळे आहेत, आणि गुण तेवढा मिळावा पण जठराला धक्का लागू नये अशी अपेक्षा करून चालत नाही. पॅरासिटामॉलचे काम मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेत चालत असल्यामुळे ते जठराला बरेच सौम्य असते. त्याचा भार पडतो तो यकृतावर.

साधा ताप, डोकेदुखी, दातदुखी, सर्दीतील अंगदुखी यांसाठी बहुतेक प्रौढांनी सुरुवात पॅरासिटामॉलने करावी. एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान 4 ते 6 तासांचे अंतर आणि 24 तासांत मिळून जास्तीत जास्त 4000 मिलिग्रॅम हे निरोगी प्रौढाचे सर्वसाधारण प्रमाण आहे. पाकिटावर त्याहून कमी मर्यादा छापली असेल तर तीच पाळावी. ज्यांचे वजन 50 किलोपेक्षा कमी आहे, ज्यांना यकृताचा आजार आहे, जे नियमित मद्यपान करतात किंवा आजारपणामुळे ज्यांच्या पोटात काही दिवस पुरेसे अन्न गेलेले नाही, त्यांच्यासाठी 4000 हा आकडा सुरक्षित धरता येत नाही आणि त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत घात होतो तो बहुधा बेरीज न केल्यामुळे. समजा, एखाद्याने तापासाठी 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून चार वेळा घेतल्या. इथेच 4000 पूर्ण झाले. नाक चोंदले म्हणून त्याने गरम पाण्यात विरघळवायची सर्दीची पूड दोनदा घेतली, आणि प्रत्येक पुडीत 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते, तर आणखी 1300 मिलिग्रॅमची भर पडून दिवसाचा आकडा 5300 झाला. यातले एकही औषध त्याने छापील सूचनेपेक्षा जास्त घेतलेले नसते, आणि म्हणूनच त्याला शंका येत नाही. सर्दी, खोकला, सायनस, पाळीतील पोटदुखी अशा नावांनी मिळणाऱ्या मिश्र औषधांत पॅरासिटामॉल वारंवार आढळते, म्हणून ताप असताना अशा मिश्रणांपेक्षा एकच घटक असलेली गोळी घेणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

नेहमीच्या प्रमाणात घेतलेल्या पॅरासिटामॉलचा थोडा अंश यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो आणि यकृतातील ग्लुटाथायोन ते लगेच निकामी करते. मात्रा फार वाढली की हा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींवर उलटते. पहिल्या 24 तासांत थोडी मळमळ किंवा उलटी याखेरीज काही जाणवेलच असे नाही, आणि डोळे पिवळे दिसू लागेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. ॲसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा पहिल्या 8 तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे जास्त मात्रा गेल्याचे लक्षात येताच, अगदी बरे वाटत असले तरी, रुग्णालय गाठावे आणि सोबत रिकामी पाकिटे न्यावीत.

मुरगळलेला घोटा, सुजलेला सांधा, पाळीच्या दिवसांतील कळा, दाढ काढल्यानंतरची सूज अशा वेळी आयबुप्रोफेन पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरते. चिठ्ठीशिवाय घेताना प्रौढांनी एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम, 6 ते 8 तासांच्या अंतराने आणि दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या आत राहावे. नॅप्रोक्सेनचा परिणाम 8 ते 12 तास टिकतो, त्यामुळे ते दिवसातून कमी वेळा घ्यावे लागते, पण त्याचा त्रासही तितकाच रेंगाळतो. ही औषधे जेवणानंतर घ्यावीत हा सल्ला योग्य असला तरी त्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. अन्नामुळे पोटातील जळजळ कमी होते, पण जठराचे संरक्षण काढून घेणारा परिणाम रक्तावाटेही होतो. म्हणून अल्सर असलेल्या माणसाने दुधाबरोबर गोळी घेतली की धोका टळला असे मानू नये.

पूर्वी अल्सर किंवा पोटात रक्तस्राव झालेला असल्यास, मूत्रपिंडाचा आजार किंवा हृदय कमजोर असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, किंवा अशा गोळीने पूर्वी दमा उसळला असल्यास आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तदाबासाठी काही ठरावीक गोळ्या आणि त्यांच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण त्यांत आयबुप्रोफेनची भर पडली की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी अडचणीत येतो. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले असेल तर नुकसान आणखी लवकर होते. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही या गटामुळे, ॲस्पिरिन वगळता, वाढतो; तो वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसू शकतो असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये आपला इशारा कडक करताना नमूद केले. एकाच वेळी आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन घेणे तर कोणालाच नको. त्यातून आराम वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

ॲस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे आणि घराघरांत विश्वासाचे आहे, पण आज ताप-दुखण्यासाठी ते पहिली निवड ठरू नये असे माझे मत आहे. विषाणूजन्य तापात मुलांना ते दिल्यास मेंदू आणि यकृतावर आघात करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून 16 वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन देऊच नये. हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची लहान मात्रा घेणाऱ्यांना डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन घ्यायचे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण आयबुप्रोफेन त्या ॲस्पिरिनच्या कामाच्या आड येते. कधीतरी एखादा डोस घ्यायचाच झाला, तर साध्या ॲस्पिरिननंतर किमान 30 मिनिटांनी किंवा ॲस्पिरिनच्या 8 तासांहून अधिक आधी घ्यावा.

मुलांचे औषध वयावरून अदमासाने न देता वजनावरून मोजावे लागते. पॅरासिटामॉल दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, 4 ते 6 तासांनी आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही, असे प्रमाण सामान्यतः मानले जाते. म्हणजे 12 किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त 180 मिलिग्रॅम. बाटलीवर ‘5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल तर हे 7.5 मिलिलिटर होते. पण बाटली संपली आणि नवी आणली ती ‘5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम’ची निघाली, तर त्याच 7.5 मिलिलिटरमधून 375 मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त औषध पोटात जाते. थेंबांचे औषध याहूनही तीव्र असते. स्वयंपाकघरातला चमचा इथे कामाचा नाही. बाटलीसोबतची सिरिंज किंवा खुणांची टोपी वापरावी. आयबुप्रोफेन दर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅम, 6 ते 8 तासांनी देतात, परंतु सहा महिन्यांखालील बाळाला, कांजिण्या झालेल्या किंवा उलट्या-जुलाबांनी कोमेजलेल्या मुलाला ते डॉक्टरांना न विचारता देऊ नये. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर गोळी-सिरपचा विचार बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. एरवी तापलेले मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर केवळ थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी त्याला झोपेतून उठवून औषध पाजण्याची गरज नसते.

डेंग्यूची शक्यता असलेल्या तापात आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळावीत, कारण त्या आजारात रक्तातील प्लेटलेट आधीच घटतात आणि ही औषधे रक्तस्रावाला वाट करून देतात. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबावे. गरोदरपणातही पॅरासिटामॉललाच प्राधान्य असते, गरज असेल तेव्हा आणि कमीत कमी दिवस. आयबुप्रोफेनसारखी औषधे 20 व्या आठवड्यापासून पुढे टाळावीत, कारण त्यांचा परिणाम गर्भाच्या मूत्रपिंडांवर होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

गुडघ्याच्या किंवा मनगटाच्या दुखण्याला डायक्लोफेनॅकचे किंवा आयबुप्रोफेनचे मलम पुरत असेल तर गोळीपेक्षा ते बरे, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या झटपट विरघळतात, पण त्यांत सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी त्या रोज घेऊ नयेत.

स्वतःच्या मनाने तापावर तीन दिवस आणि दुखण्यावर दहा दिवस याहून जास्त गोळ्या घेऊ नयेत. डोकेदुखीसाठी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, श्वास लागणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगावर फोड येणे, मान ताठणे, मूल न उठण्याइतके गुंगीत असणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढचा डोस न देता लगेच उपचार मिळवावेत. डॉक्टरांकडे जाताना घेतलेल्या प्रत्येक गोळीचा घटक, मिलिग्रॅम आणि वेळ एका कागदावर लिहून न्यावी. घरात दोघेजण मुलाला आळीपाळीने औषध देत असतील तर तो कागद पहिल्या दिवसापासूनच बाटलीशेजारी असावा.