केनियात कमी खर्चात सफारी आणि समुद्र: माराऐवजी त्सावो, विमानाऐवजी रेल्वे

आफ्रिकन सफारी म्हटलं की बहुतेक जण आधी मसाई माराचं पॅकेज बघतात, मग त्याला टांझानियातल्या झांझिबार बेटाचे चार दिवस जोडतात आणि एकूण आकडा बघून बेतच रद्द करून टाकतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण जंगल आणि समुद्र दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बऱ्यापैकी कमी खर्चात होऊ शकतं, फक्त रूट वेगळा आखावा लागतो.

आधी पैसे नक्की कुठे जातात ते बघा. राहणं-खाणं केनियात फार महाग नाही. खिसा रिकामा होतो तो तीन गोष्टींनी, पार्क फी (ती माणशी आणि दिवसागणिक), सफारीची गाडी (ती अख्ख्या गाडीची, रोजची) आणि इकडून तिकडे जायची छोटी विमानं. मसाई माराची फी परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. म्हणजे ऑगस्टात तीन दिवस मारा करायचं तर गाडी, जेवण, तंबू काहीही न धरता माणशी ६०० डॉलर गेटवरच गेले. शिवाय मारा नैरोबीच्या पश्चिमेला आणि समुद्र पूर्वेला, म्हणजे परत उलटं यायचं, त्यात एक अख्खा दिवस जातो नाहीतर विमानाचं तिकीट लागतं.

म्हणून माझं म्हणणं एकच, समुद्राच्या वाटेवर असलेलं जंगल निवडा. ते जंगल म्हणजे त्सावो ईस्ट नॅशनल पार्क.

नैरोबी ते समुद्रकाठचं मोंबासा ही रेल्वे चक्क त्सावोमधून जाते, एका बाजूला त्सावो ईस्ट आणि दुसऱ्या बाजूला त्सावो वेस्ट. २०१७ मध्ये सुरू झालेली मडाराका एक्सप्रेस इकॉनॉमी क्लासला १५०० केनियन शिलिंग घेते, म्हणजे साधारण १२ डॉलर, फर्स्ट क्लास ४५००. इकॉनॉमी पुरेशी चांगली आहे, सीट समोरासमोर आहेत आणि पाय थोडे आखडतात एवढंच. सकाळची इंटर-काउंटी गाडी मधल्या स्टेशनांवर थांबते, त्यातलं व्हॉई हे आपलं स्टेशन, कारण त्सावो ईस्टचं व्हॉई गेट तिथून जवळच आहे. दुपारची एक्सप्रेस पकडाल तर ती थेट मोंबासाला नेईल, तेव्हा तिकीट काढताना गाडी कुठली ते नीट बघा. मोंबासाकडे जाताना डाव्या खिडकीला त्सावो ईस्ट येतं आणि उजवीकडे, हवा स्वच्छ असली तर, किलिमांजारो दिसू शकतो. वीकेंड आणि डिसेंबरच्या सुट्टीत गाड्या फुल्ल असतात, त्यामुळे तारीख ठरली की बुकिंग करून टाका. नैरोबी टर्मिनस शहरात नाही, स्योकिमाऊला आहे, आणि आत शिरण्याआधी सगळ्यांच्या बॅगा रांगेत ठेवून कुत्र्यांकडून हुंगून तपासतात, मग स्कॅनर, मग परत तपासणी, त्यामुळे तास-सव्वा तास आधी पोचायलाच हवं.

आता त्सावो कसं आहे ते खरं खरं सांगते. हे पार्क प्रचंड आहे, नुसतं त्सावो ईस्टच १३,७०० चौरस किलोमीटरच्या वर, आणि प्राणी विखुरलेले असतात. मारासारखं दर वळणावर काहीतरी दिसेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, आणि विल्डबीस्टचे लाखोंचे कळप नदी ओलांडताना बघायचे असतील तर मग माराच, जुलै ते ऑक्टोबर, त्याला पर्याय नाही. पण त्सावोचे लाल हत्ती दुसरीकडे नाहीत. तिथली माती गडद लाल आहे आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे अख्खा कळप विटकरी रंगाचा दिसतो, आणि अरुबा धरणाच्या काठी उन्हं उतरताना तो कळप पाण्यावर आला की पैसे वसूल. मागच्या दोन पायांवर उभं राहून पाला खाणारं गेरेनुक हरीण इथे दिसतं, जिराफ, झेब्रे, म्हशी असतातच, आणि सिंहही आहेत, त्यातल्या बऱ्याच नरांना आयाळ अगदी थोडी असते. १८९८ मध्ये जुनी रेल्वे बांधताना त्सावो नदीच्या पुलावर मजुरांना खाणारे दोन सिंह इथलेच, आणि ते मजूर बरेचसे हिंदुस्थानातून नेलेले होते. आपण त्याच पट्ट्यातून एसी डब्यात बसून जातो तेव्हा त्यांची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

पैसे वाचवायची खरी युक्ती पार्क फीमध्ये आहे. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या पार्कांत तिकीट आत शिरल्यापासून २४ तास चालतं, पण आत एकदाच शिरता येतं. म्हणजे सकाळी सहाला आत जाऊन संध्याकाळी बाहेर आलात तर एका फीमध्ये एकच दिवस, ज्यातले दुपारचे चार-पाच तास प्राणी झुडपात झोपलेले. त्याऐवजी दुपारी तीनला आत जा, रात्री पार्कातच मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत बाहेर पडा. संध्याकाळची एक आणि पहाटेची एक, म्हणजे दोन्ही चांगल्या वेळच्या गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघायच्या फेऱ्या) एकाच फीमध्ये होतात. दोन रात्री राहणार असाल तर हाच हिशोब ४८ तासांचा करा. फी ईसिटिझन या केनिया सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून आधीच भरायची, गेटवर रोख घेत नाहीत.

आत राहायला सगळ्यात स्वस्त म्हणजे कॅम्पसाइट. व्हॉई गेटजवळ न्डोलोलो कॅम्पसाइट आहे, तंबू आपला किंवा ड्रायव्हरकडून भाड्याने. कुंपण नाही, रात्री हत्ती जवळून जाऊ शकतात, बबून माकडं दिवसाढवळ्या खाणं पळवतात, त्यामुळे खायचा एक कणसुद्धा तंबूत ठेवायचा नाही, सगळं गाडीत बंद. लहान मुलं असतील किंवा मनाला पटत नसेल तर लॉज बघा, नाहीतर व्हॉई गावातलं गेस्टहाउस, फक्त मग वरचा २४ तासांचा फायदा मिळत नाही.

गाडीचं गणित सोपं आहे, गाडी, ड्रायव्हर आणि डिझेलचा रोजचा खर्च माणसं वाढली म्हणून वाढत नाही. सहा जण असाल तर उघडं छप्पर असलेली लँड क्रुझर घ्या, व्हॅनपेक्षा महाग पण सहात भागली की परवडते आणि उंचीवरून बघण्यात फार फरक पडतो. चौघांना व्हॅन पुरते. एकटे किंवा दोघंच असाल तर स्वतंत्र गाडी करूच नका, आधी मोंबासाच्या दक्षिणेला डियानीच्या किनाऱ्यावर जा आणि तिथून निघणारी २ दिवस १ रात्रीची जॉइनिंग सफारी घ्या, अनोळखी लोकांबरोबर गाडी शेअर करायची. बुक करण्याआधी लेखी विचारून घ्या की पार्क फी धरलीय का, प्रत्येकाला खिडकी मिळणार का, मुक्काम पार्काच्या आत की बाहेर, गाडीत जास्तीत जास्त किती माणसं. किंमत फारच कमी सांगितली असेल तर बहुतेक वेळा पार्क फी त्यात नसते. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला पाणवठ्यावर अर्धा तास गाडी बंद करून थांबायला आवडेल. रेडिओवर सिंहाची खबर आली की सगळ्या गाड्या तिकडेच धावतात, पण शांत थांबणाऱ्याला जास्त दिसतं.

सफारी आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम बदलू नका (जॉइनिंग सफारीवाले सोडून). रोज पहाटे पाचला उठणं, कच्च्या रस्त्यांचे धक्के, नाकातोंडात लाल धूळ, हे झाल्यावर समुद्र जो काय वाटतो!

व्हॉईहून पुन्हा रेल्वेने किंवा बसने मोंबासा. तिथून डियानी दक्षिणेला साधारण ३० किलोमीटर. सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे लिकोनी फेरी, पायी जाणाऱ्यांना ती फुकट आहे, पलीकडे उतरून डियानीजवळच्या उकुंडा गावाची मटाटू (शेअर व्हॅन) आणि तिथून टुकटुक. मात्र फेरीवर गर्दी जबरदस्त असते, मोबाइल-पाकीट पुढच्या खिशात ठेवा. सामान जास्त असेल तर स्टेशनवरूनच टॅक्सी करून डोंगो कुंडू बायपासने जा, फेरी लागतच नाही.

डियानीत समुद्राला लागून असलेली हॉटेलं महाग आणि रस्त्याच्या पलीकडची कॉटेजेस निम्म्या खर्चाची, किनारा सगळ्यांना खुला आहे, पाच-दहा मिनिटं चालायचं. किचन असलेली जागा घ्या. बाहेर स्वस्तात खायचं तर उकुंडा गावात, नारळाच्या रसातला राजमा म्हणजे महाराग्वे, चपाती, पिलाऊ, मुगाचं न्डेंगू, शाकाहारी माणसाची इथे अजिबात उपासमार होत नाही.

किनाऱ्यावर सगळं भरती-ओहोटीवर चालतं. इथे पाणी चार मीटरपर्यंत वरखाली होतं, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटीत तर समुद्र पार रीफपर्यंत (प्रवाळाच्या खडकांपर्यंत) मागे जातो, पोहायला पाणीच राहत नाही, आणि भरतीला वाळू जवळजवळ बुडते. तेव्हा पोहायचं भरतीच्या आसपास आणि खडकांतली डबकी बघत फिरायचं ओहोटीला, पायात रबरी सँडल हवेतच कारण काटेरी सी-अर्चिन असतात. कोरलवर पाय देऊ नका आणि फोटोसाठी कोणी तारामासा हातात देऊ लागला तर घेऊ नका, पाण्याबाहेर तो मरतो. रस्त्यावर मान वर करून चाला, काळी-पांढरी कोलोबस माकडं झाडांवर असतात आणि रस्ता ओलांडायला त्यांच्यासाठी दोरांचे पूल टांगलेत. एकच महागडी ट्रिप करायची असेल तर शिमोनीहून किसिते मरीन पार्कची बोट करा, डॉल्फिन दिसायची चांगली शक्यता आणि स्नॉर्कलिंग उत्तम.

कधी जायचं? जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी, माझ्या मते दोन्हींसाठी हाच काळ बेस्ट, त्सावो कोरडं असतं आणि समुद्र शांत, पाणी स्वच्छ. ऑगस्ट-सप्टेंबरला जंगल छान पण समुद्र खवळलेला आणि शेवाळ जास्त. एप्रिल-मे पावसाचे, भाव पडतात पण किनाऱ्यावरची काही हॉटेलं बंदच असतात.

कागदपत्रं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए (ऑनलाइन प्रवास परवाना) आहे, ३० डॉलर, निघण्याच्या बऱ्याच आधी ऑनलाइन भरा. येलो फीवरची लस निदान १० दिवस आधी घ्या, केनियातून भारतात परत उतरताना तिचं सर्टिफिकेट मागतात. त्सावो आणि किनारा दोन्ही मलेरियाचे पट्टे, डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, सामानात एकही नको, आणि पार्कात पाण्याची प्लॅस्टिक बाटलीही चालत नाही, स्टीलची न्या. डॉलरच्या जुन्या नोटा बरेच जण नाकारतात. पोचल्यावर लोकल सिम घेऊन एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची सोय) सुरू करून घ्या, टुकटुकपासून केळीवाल्यापर्यंत सगळे त्यावरच घेतात.

आणि ज्यांना झांझिबारच हवंय त्यांनी केनिया पूर्ण सोडून सगळं टांझानियात करावं, दोन देश जोडले की दुसरा व्हिसा, वर विमान, असं सगळं वाढत जातं (ऑक्टोबर २०२४ पासूनचा झांझिबारचा ४४ डॉलरचा सक्तीचा इन्शुरन्स मात्र कसंही गेलात तरी लागतो). तिथेही हीच पद्धत वापरा, दार एस सलामहून २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने मोरोगोरो, तिथून रस्त्याने मिकुमी नॅशनल पार्क, ज्याची फी सेरेंगेटीपेक्षा बरीच कमी आहे, मग परत दारला येऊन फेरीने दोन तासांत झांझिबार.