प्रकाशाच्या वेगावर शंका घेताय? आधी या चुका टाळा

नौपाड्यात मी अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. त्यामुळे आइन्स्टाइनविरुद्धच्या तक्रारी फिरून माझ्याच दारात येतात. त्याच्या सापेक्षता सिद्धांताचा दावा असा: मोजणारा कितीही वेगाने जात असो, प्रकाशाचा वेग त्याला सारखाच मिळतो. गेल्या पावसाळ्यात आलेले काका निवृत्त इंजिनिअर. वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत समीकरण: प्रकाशाचा वेग वजा गाडीचा वेग. "सर, पळत्या गाडीला मागून गाठणारा प्रकाश गाडीतल्याला हळूच दिसणार ना?"

सर्वाधिक वह्यांत हीच चूक असते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

ठाणे स्टेशनातून मुलुंडकडे फास्ट लोकल धडधडत निघालीय आणि मागून टॉर्चचा झोत येतोय. फलाटावरून पाहिलं तर झोत आणि गाडीचं पुढचं टोक यांतलं अंतर काकांच्या समीकरणाप्रमाणेच घटतं. यात काही चूक नाही, १९०५च्या निबंधात खुद्द आइन्स्टाइननेही ही वजाबाकी वापरली आहे. पण हा हिशेब फलाटाच्या घड्याळाचा. गाडीतल्याला वेग मोजायचा तर शेवटच्या डब्यात एक आणि पहिल्या डब्यात एक अशी दोन घड्याळं हवीत, तीही एकमेकांशी जुळवलेली. गाडीतल्यांनी जुळवलेली ही घड्याळं फलाटावरून बघणाऱ्याला जुळलेली दिसत नाहीत. पुढचं मागे पडलेलं असतं.

किती मागे? बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर, वेग सेकंदाला ३० मीटर धरा. सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचा साधारण बारावा हिस्सा. आता गंमत बघा: गाडी पुढे सरकल्यामुळे झोताला पुढचं टोक गाठायला जो जादा वेळ लागतो, तोही जवळजवळ तेवढाच. हिशेब तिथेच मिटतो. उरलेली बारीक कसर फलाटावरून दिसणारी गाडीतल्या घड्याळांची मंद गती आणि गाडीची आखूड झालेली लांबी भरून काढतात.

दुसरी चूक माध्यमाची. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो, म्हणून सिद्धांत कोसळत नाही. दावा निर्वातातल्या वेगाचा आहे: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर.

आणखी काही जण म्हणतात, प्रकाश बंदुकीच्या गोळीसारखा असेल, उगमाचा वेग त्यात मिळत असेल. कल्पना वाईट नाही. १९६४मध्ये सर्न प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने जाणाऱ्या पायॉन कणांपासून निघालेले गॅमा किरण (हाही एक प्रकाशच) मोजले. वेग मिळत असता तर ते जवळजवळ दुपटीने आले असते. आले ते नेहमीच्याच वेगाने.

मोजमाप फसतं ते वेगळंच. २०११मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो कण सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पार करताना दिसले. जगभर गाजावाजा झाला. मुख्य दोष निघाला ढिल्या बसलेल्या फायबरच्या केबलमध्ये! म्हणून घरी प्रयोग करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: सिद्धांत उखडण्याआधी जोडण्या तपासा. (काकांनी आयुष्यभर पॅनेलं तपासली आहेत. हे त्यांना लगेच पटलं.)

पण काका हार मानणारे नव्हेत. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. "घड्याळं जुळवायची कशी? प्रकाशानेच ना? मग जाताना वेगळा आणि येताना वेगळा वेग असेल तर कळणार कसं?"

आता ही शंका खरी. आरशावरून परत आलेल्या प्रकाशाचा वेग एकाच घड्याळाने मोजता येतो. मायकेलसन आणि मोर्ले या शास्त्रज्ञांनी १८८७मध्ये असा जाऊन-येऊन प्रवास वेगवेगळ्या दिशांत ताडून पाहिला आणि पृथ्वीच्या वेगामुळे अपेक्षित असलेला फरक सापडला नाही. नुसतं एका बाजूचं मोजायचं तर दूरची घड्याळं आधी जुळवावी लागतात, आणि दोन्हीकडचा वेग सारखा मानून ती जुळवायची हे आइन्स्टाइनने व्याख्या म्हणूनच मांडलं होतं. काकांनी लाल पान फाडलं नाही. वरच्या कोपऱ्यात फक्त लिहिलं, 'घड्याळ कोणाचं?' आणि चहा मागितला.