भूतानला व्हिसा लागत नाही, कागद लागतो

गेल्या बारा-तेरा वर्षांत मी जमिनीवरून सात वेळा भूतानला गेलोय. कधी घरच्यांना घेऊन, कधी सोसायटीतल्या मंडळींना घेऊन. दर वेळी निघायच्या आधी कुणीतरी ठामपणे सांगतंच, "अहो, व्हिसा लागत नाही, आधार दाखवायचं आणि आत जायचं." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्यावर मी एकदा विश्वास ठेवला आणि सासूबाईंना घेऊन तीन रात्री सीमेवरच्या, आपल्या बाजूच्या जयगावच्या लॉजमध्ये काढल्या. म्हणून हा लेख बराचसा त्या एका कागदाबद्दल आहे. बागडोगऱ्याचं विमान कसं शोधायचं आणि बॅगेत स्वेटर किती घ्यायचे हे तुमचं तुम्ही बघाल.

आधी हे मनात पक्कं करा की व्हिसा माफ असणं आणि दार उघडं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारत आणि भूतान यांच्यात 1949 साली दार्जिलिंगला मैत्रीचा करार झाला, 2007 मध्ये तो नव्याने लिहिला गेला. या जवळिकीमुळे भारतीय नागरिकाला भूतानचा व्हिसा लागत नाही आणि भूतानी माणसालाही आपल्याकडे यायला लागत नाही. पण भूतानमध्ये शिरायला आपल्याला परवाना लागतो, आणि तो परवाना कुठल्या ओळखपत्रावर द्यायचा हे भूतान ठरवतं. आपलं गृहखातं नाही. माझी चूक नेमकी इथेच झाली.

कुठला कागद

दोनच चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार नाही, पॅन नाही, लायसन्स नाही.

मग आधारची वदंता येते कुठून? जानेवारी 2019 मध्ये आपल्या गृहमंत्रालयाने जाहीर केलं की पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्ट वर्षांवरच्या भारतीयांना नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी आधारही चालेल. बातमी सगळीकडे छापून आली. सासूबाई तेव्हा बहात्तरच्या. मी कात्रण जपून ठेवलं, त्यांचं आधार लॅमिनेट करून घेतलं आणि आम्ही निघालो. शुक्रवारी दुपारी जयगावला लागून असलेल्या भूतानच्या फुंत्शोलिंग गावात, परवान्याच्या काउंटरवर पोचलो. तिथल्या माणसाने आधार हातात घेतलं, अतिशय नम्रपणे परत दिलं आणि म्हणाला, "व्होटर कार्ड?" मी मोबाइलवर बातमी दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली. तो नियम भारतातून बाहेर सोडण्याचा होता. आत घेण्याचा नियम त्याच्याकडे होता, आणि त्यात आधार नव्हतं. त्याचं काहीच चुकलं नाही.

सासूबाईंचं मतदार कार्ड मिरजेला, कपाटात, साड्यांच्या खाली. मेहुण्याने त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. फोटो चालला नाही, मूळ कार्ड हवं. तेव्हा फुंत्शोलिंगचं भारतीय वाणिज्य दूतावास इतर ओळखपत्रं बघून एक ओळखचिठ्ठी देत असे, पण आम्हाला हे कळेपर्यंत शुक्रवारची वेळ संपली होती आणि पुढे शनिवार-रविवार. सोमवारी चिठ्ठी मिळाली, चिठ्ठीवर परवाना मिळाला. मधल्या तीन दिवसांत पारोच्या हॉटेलचे पैसे बुडाले आणि सासूबाई रोज सकाळी चहाच्या कपावरून म्हणायच्या, "जावईबापू, तुम्ही सगळे जा, मी इथे पोथी वाचत बसते." या चिठ्ठीच्या भरवशावर आज घरून निघू नका. अडकल्यावर करायची ती धडपड आहे, ते नियोजन नव्हे.

आता माझी पद्धत सांगतो. प्रवासाच्या तीन महिने आधी प्रत्येकाचं कार्ड प्रत्यक्ष हातात घेऊन बघतो. "आहे हो माझ्याकडे" हे उत्तर मी मान्य करत नाही, कारण आपल्याकडची कितीतरी कार्डं नव्वदच्या दशकातली आहेत: एमटी अशा अक्षरांनी सुरू होणारा, मध्ये तिरक्या रेघा असलेला क्रमांक, जन्मतारखेऐवजी नुसतं वय, आणि फोटोत माणूस आहे की सावली हे देवच जाणे. परवान्याच्या अर्जात जन्मतारीख लागते, चेहरा जुळावा लागतो. असं कार्ड असेल तर नमुना 8 भरून दुरुस्ती आणि नवं कार्ड मागवा. हे घरबसल्या होतं, पण मतदार यादीच्या कामाचे दिवस असतील तर बीएलओच्या, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, मागे लागावं लागतं. म्हणून तीन महिने म्हणतोय. मोबाइलमधल्या पीडीएफ कार्डावर मी कुणालाही नेत नाही.

पासपोर्ट आणि मतदार कार्ड दोन्ही असलेल्यांनी एकच निवडायचं आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहायचं. आमच्यातल्या एका वहिनींचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि मतदार कार्ड सासरच्या. त्यांनी अर्ज एकावर भरला आणि काउंटरवर दुसरं पुढे केलं. अर्धा दिवस गेला. अर्जातलं स्पेलिंग हे कार्डावर जसं आहे तसंच, चुकीचं असलं तरी चुकीचंच. कार्डावर नावात एच जादा असेल तर अर्जातही जादा. तिथे शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका.

पासपोर्ट असेल तर पासपोर्टच न्या, हे माझं स्पष्ट मत.

मुलांचं आणखी वेगळं. अठराच्या आतल्यांना पासपोर्ट किंवा मूळ जन्मदाखला, आणि दाखला इंग्रजीत हवा. आपल्याकडे दोन फसगती होतात. एक, ग्रामपंचायतीचा जुना दाखला फक्त मराठीत असतो. दुसरी जास्त वाईट: बाळ जन्मल्याबरोबर काढलेल्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, आणि बारशानंतर तिथे नाव घालून घ्यायचं सगळे विसरलेले असतात. असा कोरा दाखला घेऊन आलेलं कुटुंब मी डोळ्यांनी पाहिलंय. मूल आजी-आजोबांबरोबर किंवा मावशीबरोबर येत असेल तर आई-वडिलांचं सहीचं संमतिपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती बरोबर ठेवा.

परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक

दर दुसऱ्या ग्रुपमध्ये एक अमेरिकेतला भाचा असतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असतं आणि त्याला वाटतं आपण भारतीयांतच धरले जाऊ. ओसीआय ही भारताने दिलेली सवलत आहे, भूतानच्या लेखी तो अमेरिकनच. त्याला व्हिसा लागतो, त्याचे 40 डॉलर, आणि वर दर रात्रीचं शुल्क 100 डॉलर. शिवाय जयगावला भारतीय इमिग्रेशनचा बाहेर पडल्याचा शिक्का त्याने घ्यायचा असतो. तुम्ही घेत नाही, म्हणून तोही घेत नाही, आणि मग घोळ होतो. ग्रीन कार्ड असलेली पण भारतीय पासपोर्टवरची भाची मात्र तुमच्याच रांगेत.

परवाना आणि पैसे

अर्ज भूतानच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः भरता येतो किंवा तिथल्या टूर ऑपरेटरकडून करून घेता येतो. फोटो, ओळखपत्राची स्वच्छ प्रत, कुठल्या रात्री कुठे मुक्काम ते, आणि शुल्क. फुंत्शोलिंगला पोचून काउंटरवर करू असं म्हणणारे धाडसी असतात. मी आता घरूनच करतो.

शुल्क म्हणजे शाश्वत विकास शुल्क, भारतीयांना माणशी दर रात्री 1200 रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याखालच्यांना माफ. चौघं मोठे, पाच रात्री, म्हणजे 24,000 रुपये, हॉटेल-गाडी धरायच्या आधीच. यावर ग्रुपमध्ये हमखास वाद होतो: ते आपल्याकडे फुकट येतात, शिकतात, कोलकात्याला उपचार घेतात, बोधगयेला जातात, मग आपल्यालाच का पैसे? मला हा हिशेब पटत नाही. दोस्ती असली म्हणजे नियम आरशासारखे हुबेहूब असायला हवेत असं कुठल्या करारात लिहिलेलं नाही. आठ लाखांहून कमी वस्तीच्या देशात 2019 साली तीन लाखांवर पर्यटक गेले, त्यांत दोन लाखांवर भारतीय. त्याच वर्षी आपल्याच महाराष्ट्रातला एक दुचाकीस्वार दोचुला खिंडीतल्या स्तूपावर शिडी लावून चढला आणि त्याने फोटो काढून घेतला. शुल्काची चर्चा त्याच्या आधीपासून चालू होती, कायदा 2020 मध्ये आला. पण तो फोटो बघून मला तरी त्यांच्याशी भांडायचं तोंड उरलं नाही. इतर बहुतेक देशांच्या पाहुण्यांकडून ते 100 डॉलर घेतात. आपली सवलत तिथे दिसते.

रात्री मोजूनच अर्ज करा. पण पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जात असाल तर परतीच्या बाजूला एक रात्र जादा धरा. फुंत्शोलिंग-थिंफू रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेच्या दंतक प्रकल्पाने 1960 च्या दशकात बांधला. रस्ता चांगला आहे, पण दरड कोसळली की कोसळली. परवान्याची मुदत संपत आलेली आणि पुढे दगडांचा ढीग, हा अनुभव घेऊ नका.

पुनाखाला जायचं असेल तर तेही अर्जातच लिहा. थिंफूहून दोचुलाकडे जाताना होंग्त्शोला नाका आहे आणि तिथे परवाना बघतात.

सीमेवर

हासिमारा स्टेशनवर उतरा किंवा बागडोगऱ्याहून गाडी करा. पहिली रात्र जयगावला. सकाळी लवकर पलीकडे जा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. तुमच्या घड्याळात साडेआठ वाजलेले असतात तेव्हा त्यांचं कार्यालय नऊच्या हिशेबाने चालू होतं, आणि जेवणाची सुट्टीही अर्धा तास आधी होते. त्यांच्या सरकारी सुट्ट्यांची यादी आधी बघून ठेवा. तिथले सण आपल्या कॅलेंडरवर नसतात.

परवान्याच्या छापील दोन प्रती काढा. गावापासून पाचेक किलोमीटर वर रिंचेनडिंगचा नाका आहे, तिथे मोबाइलची बॅटरी संपल्याची सबब सांगणारा माणूस ड्रायव्हरसकट सगळ्यांचा खोळंबा करतो.

स्वतःची गाडी नेऊ नका. 2022 च्या नियमांत भारतीय गाडीला सीमेवरच्या गावापलीकडे रोजचे 4500 रुपये लावले, आणि तेवढ्यात तिथली टॅक्सी, रस्ता माहीत असलेल्या ड्रायव्हरसकट, मिळते.

आत गेल्यावर

भारतीय रुपया चालतो, भूतानचं चलन ङुल्त्रम त्याच्या बरोबरीने. यूपीआयचा क्यूआर स्वीकारणारा भूतान हा पहिला देश, 2021 पासून, पण दुर्गम गावात रोखच लागते. तिथलं सिमकार्ड फुंत्शोलिंगलाच घ्या. झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठात, जाताना पूर्ण बाह्यांचे, कॉलरचे कपडे.

नेपाळशी गल्लत

भूतानबद्दलचा निम्मा चुकीचा सल्ला नेपाळहून आलेल्यांचा असतो. नेपाळशी आपला 1950 चा करार आहे, त्याच्या सातव्या कलमात दोन्हीकडच्या नागरिकांना राहण्या-फिरण्याच्या सारख्या सवलती आहेत. रक्सौल किंवा सुनौलीला माणसं बाजारहाटाला इकडून तिकडे चालत जातात, परवाना नाही, रात्रीचं शुल्क नाही. विमानाने काठमांडूला जाताना पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं, आणि ती वयाची आधारवाली सवलत तिथे उपयोगी पडते. काठमांडूला आधारवर जाऊन आलेले काका तुम्हाला भूतानबद्दल सांगायला लागले की चहा पाजा आणि विषय बदला.

परतताना

उरलेले ङुल्त्रम जयगावात खपवा. पुढे ते कुणी घेत नाही. फुंत्शोलिंगला बाहेर पडल्याची नोंद काउंटरवर करून घेतल्याशिवाय गेट ओलांडू नका, गर्दीत ते सहज राहून जातं. आणि गेट ओलांडलं की घड्याळ अर्धा तास मागे करा. हासिमाऱ्याहून कांचनकन्या एक्सप्रेस पकडायची असते, ती भारतीय वेळेने सुटते. मागच्या खेपेला आमचे जोशीकाका भूतानी वेळेवर राहिले आणि गाडी चुकली चुकली म्हणून सगळ्यांना पळवत स्टेशनवर घेऊन गेले. फलाट रिकामा होता आणि भेळवाला नुकताच टोपली उतरवत होता.