बहिणींच्या गूढ शक्तींवर कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

गुप्त शक्ती असलेल्या बहिणी, आजचे शहर आणि भयाची काळी किनार असा ऐवज घेऊन येणारी हस्तलिखिते संपादनासाठी वाचताना त्याच त्या चुका इतक्या वेळा भेटतात की, त्या एकदा लिहून ठेवणे भाग आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शक्तीची किंमत कोणालाच मोजावी न लागणे. एका हस्तलिखितात धाकटी बहीण पहिल्याच प्रकरणात कुत्र्याची जखम नुसता हात फिरवून भरून काढते आणि तिसऱ्या प्रकरणात अपघातात सापडलेली आई अतिदक्षता विभागात तिच्यादेखत प्राण सोडते. तिने आईला का वाचवले नाही, असे विचारल्यावर लेखक म्हणाले, "कथेसाठी आई जायला हवी होती." बरीच भवति न भवति झाल्यावर असे ठरले की, धाकटीने भरलेल्या प्रत्येक जखमेपायी थोरलीची एक आठवण पुसली जावी. त्याबरोबर तोच मृत्यू कादंबरीचा गाभा झाला. आई वाचली तरी ताई तिला ओळखणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे धाकटी उशाशी बसून हात मागे घेते, आणि ताईला दिसतो तो फक्त मागे घेतलेला हात. अमावास्या, टिटवी आणि रक्ताळलेला आरसा यांची सारी प्रकरणे त्यानंतर आपोआप गळली.

मी वहीत दोन रकाने आखतो: शक्ती कोणी वापरली आणि झळ कोणाला लागली. दुसरा रकाना रिकामा राहिला तर प्रकरण परत जाते. "जादूच आहे, मग तर्क कशाला?" असे विचारणाऱ्यांना केवळ घाई झालेली असते. त्यांनी गोव्यातील शिरगावच्या लइराई देवीची कथा वाचावी. भाऊ खेतोबाला रागाच्या भरात लाथ मारल्याचे प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली, असे सांगतात, आणि जत्रेत तिचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, आजही होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. तिथे देवीचीही सुटका नाही. मग आपल्या नायिकेची का व्हावी?

दुसरी चूक म्हणजे शक्ती लपवण्यामागे "लोक काय म्हणतील" यापलीकडे कारण नसणे. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्यावर करणीचा आळ घेणे हा गुन्हा आहे, तसेच तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे हाही गुन्हा आहे, आणि शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे आहे. म्हणजे बहिणींना छळणारा शेजारी आणि पोटासाठी शक्ती विकणारी बहीण, दोघेही एकाच पोलीस ठाण्यात बसलेली असू शकतात, आणि आपला चमत्कार खरा आहे हे सिद्ध करण्याची तिची इच्छा असेलच असे नाही. इतका ऐवज हाताशी असताना लेखक कवटीवाला मांत्रिक का आणतात, हे मला उमगत नाही. वडिलांमागे भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर एक बहीण सही करते आणि दुसरी करत नाही. शक्तीही घराण्यातून आलेली असेल, तर या दृश्यातच निम्मी कादंबरी आहे.

थोरली समंजस आणि धाकटी बंडखोर हा साचा मोडावा. ऐन संकटात मोबाइलची बॅटरी संपवू नये. घराण्याचा शापित इतिहास पहिल्याच प्रकरणात ओतू नये. पहिला खर्डा पूर्ण होण्याआधीच तीन खंडांची घोषणा करून मुखपृष्ठही तयार करून घेणाऱ्यांचे हस्तलिखित मी गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवतो.