बरे झालेले समुद्री कासव पुन्हा समुद्रात सोडताना

जखम भरून आली म्हणजे कासव सोडण्याजोगे झाले, असे समजणे घाईचे ठरते. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांपैकी अनेकांचे पर (वल्ह्यांसारखे पाय) समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांत अडकून कापलेले असतात. एक पर गमावलेले कासवही मोकळ्या समुद्रात तग धरू शकते, परंतु ज्याला बुडी मारता येत नाही, त्याचा मात्र निभाव लागत नाही.

म्हणून पहिली परीक्षा बुडीची. खाऱ्या पाण्याच्या खोल टाकीत कासव स्वतःहून तळाशी जाते का, तिथे निवांत विसावते का आणि श्वासापुरतेच वर येते का, हे दिवसा व रात्रीही पाहावे. फुप्फुसे पाठीच्या कवचाखालीच असल्यामुळे न्यूमोनिया झालेले कासव बहुधा एका बाजूला कलून तरंगते, तर आतड्यात वायू साठला असल्यास त्याचा मागचा भाग वर उचललेला दिसतो. समतोलासाठी कवचावर वजन चिकटवावे लागत असेल, तर सोडण्याचा विषय तूर्त काढू नये.

यानंतर आहार. हाताने बांगडा भरवण्याची सवय मोडून टाकीत जिवंत खेकडे सोडावेत. कासवाने ते स्वतः शोधून, पकडून खाल्ले पाहिजेत. माणूस दिसताच काठाशी येणारे कासव कौतुकाचे वाटते खरे, पण हीच ओढ पुढे त्याला होड्यांजवळ नेते. औषधे बंद केल्यावरही वजन टिकून आहे आणि रक्ततपासणी समाधानकारक आहे, याची पशुवैद्यकाने खात्री करावी.

समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने प्रत्येक टप्पा वनविभागाच्या परवानगीनेच पार पाडावा. परावर क्रमांकाची धातूची पट्टी बसवावी आणि तो क्रमांक, कवचाची लांबी व वजन यांची नोंद ठेवावी.

नेताना कासवाला पाण्याच्या टबात न ठेवता जाड फोमवर ठेवावे, कवचावर ओला कपडा टाकावा आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. उचलताना कवचाच्या पुढच्या व मागच्या कडेला धरावे, परांना कधीही धरू नये. समुद्र शांत असेल असा दिवस निवडावा आणि त्या भागात ट्रॉलर फिरत नाहीत ना, हे स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावे. ओल्या वाळूवर ठेवल्यावर त्याला ढकलू नये. ते आपल्या गतीने पाण्यात जाईल. पुढचे काही दिवस मात्र आसपासच्या किनाऱ्यांवर फेरी मारावी, कारण अशक्त कासव पुन्हा वाहून येऊ शकते.