डिस्क शाबूत होती, सेल संपला होता

घरच्या जुन्या विंडोज ७ च्या डेस्कटॉपचं घड्याळ आठवडाभर मागे पडत होतं. मी रोज वेळ लावायचो आणि विसरायचो. एका सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर’, म्हणजे जपलेल्या सेटिंग्ज बिघडल्याचा इशारा, एफ१ दाबल्यावर विंडोजचा लोगो, क्षणभर निळी स्क्रीन, की लगेच रीस्टार्ट. दुकानदार म्हणाला, डिस्क फॉरमॅट करावी लागेल. त्यात आईबाबांचे सगळे फोटो होते. माझं मन तयार होईना.

प्लग काढून कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बाजूची बारीक पट्टी नखाने सारताच, टपकन वर आला. मल्टिमीटरवर २.३ व्होल्ट, नव्यात ३ तरी हवेत. वीज नसताना घड्याळ आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग्ज तोच जपतो. सीआर२०३२ नंबरचा नवा सेल बसवला, अधिकची खूण वर.

तरी निळी स्क्रीन तशीच! मोबाइलवर तिचा फोटो काढून वाचला, तर कोडच्या शेवटी ७बी. म्हणजे विंडोजला डिस्कच सापडत नव्हती. सुरू होताना डिलीट दाबत बायोसमध्ये गेलो. तारीख २००९ ची, ती दुरुस्त केली. बूटच्या, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या क्रमात हार्ड डिस्क पहिली केली. खरी गोम साटा मोडमध्ये, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीत होती: सेल संपल्यावर तो मूळच्या आयडीई या जुन्या पद्धतीवर गेला होता, आणि आमचं विंडोज टाकलेलं एएचसीआय या नव्या पद्धतीवर. तो बदलला, एफ१० दाबून सेव्ह केलं.

विंडोज उघडलं. आधी फोटो पेनड्राइव्हवर घेतले, मग बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला.