ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरीत अकरावी-बारावीच्या पोरांना बायो शिकवतो, आणि दर वर्षी पेपर तपासताना सेल मेंब्रेनच्या (पेशीच्या पडद्याच्या) प्रश्नात त्याच चुका सापडतात, बॅच बदलते पण चुका काय बदलत नाहीत.

सगळ्यात कॉमन म्हणजे प्रोटीन दिसलं की लगेच ॲक्टिव्ह, म्हणजे पेशीने एनर्जी खर्चून पडद्यापलीकडे नेलेलं, असं लिहून मोकळं व्हायचं. अरे, ॲक्वापोरिन, म्हणजे पडद्यातली पाण्याची वाट, तेपण प्रोटीनच आहे आणि त्यातून पाणी एकही एटीपी (पेशीचं इंधन) न जाळता जातं. प्रश्न एकच विचारायचा, उतार की चढ? पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी सड्यावरून (वरच्या कातळ पठारावरून) खाली यायला कोणी पंप लावतं का? पण विहिरीतलं पाणी वर कलमांना न्यायचं तर पंप हवा आणि बिलपण येणार. जास्त असलेल्या बाजूकडून कमीकडे म्हणजे उतार, कमीकडून जास्तीकडे म्हणजे चढ, एनर्जी चढाला लागते.

मिठातल्या कैरीच्या फोडींना सुटलेलं पाणी हेही काही जण ॲक्टिव्ह लिहितात. ते साधं ऑस्मॉसिस, पाणी आपोआपच जास्त मिठाच्या बाजूला जातं, बास.

पेशीच्या पडद्यातल्या सोडियम-पोटॅशियम पंपात ३ आणि २ ची अदलाबदल तर विचारूच नका. एका एटीपीवर ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये दाखवला आणि नोबेल मिळालं थेट १९९७ ला, चाळीस वर्षांनी! सोडियम बाहेर आधीच भरपूर असतं तरी पंप अजून बाहेरच ढकलतो, म्हणजे चढच की.

आता खरी अडचण. आतड्यात ग्लुकोज आत घेणाऱ्या प्रोटीनला एटीपी लागत नाही असं वाचलं की पोरं त्याला पॅसिव्ह (एनर्जी न लागणारं) ठरवतात. चूक! तिथे सोडियम उताराने आत येतं आणि येताना ग्लुकोजला चढावर ओढून आणतं, एका ग्लुकोजमागे २ सोडियम. मग खर्च कुणी केला? पेशीच्या मागच्या बाजूच्या त्याच सोडियम-पोटॅशियम पंपाने, ज्याने आतलं सोडियम आधीच उपसून ठेवलंय. आपल्याकडे सकाळी पंप लावून सड्यावरची टाकी भरली आणि दुपारी लाईट गेली तरी कलमांना पाणी मिळतंच, म्हणून काय ते फुकट वर चढलं? याला सेकंडरी ॲक्टिव्ह म्हणतात आणि ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायचं साखर-मिठाचं पाणी, याच्यावरच चालतं. १ लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आमची आजी मायेने साखर जास्त घालायची, पण जास्तीची साखर पाणी उलट आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.

खाडीकाठच्या झाडांचं उदाहरण द्यायचं तर जरा जपून, कारण सगळी खारफुटी सारखी नसते. तिवराच्या पानावर मीठ दिसतं ना, चाटून बघितलंत तर खारट लागेल, ते ग्रंथींनी एनर्जी खर्चून बाहेर टाकलेलं असतं. कांदळ मात्र बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो आणि ते काम मुख्यतः गाळणीसारखं होतं, दोघांना एकच उत्तर लिहू नका.

शेवटची चूक, 'पंप बंद पडला तर फक्त सोडियम वाढेल'. फक्त कसं? सोडियमच्या मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते, नर्व्हचे सिग्नल कोलमडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर विषारी आहे ती याच कारणाने, तिच्यातली द्रव्यं हाच पंप अडवतात. तिच्या बिया, म्हणजे आपल्या बिट्ट्या, पोरं खेळायला घेतात. एखाद्याने चावली तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.